शिरसाट आणि न जोडलेली हिरवी वायर

बाथरूमच्या दाराबाहेर रबरी स्लिपरचा जोड दिसला की शिरसाटांचं तोंड वाकडं व्हायचं. खरवईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरं चोवीस, आणि प्रत्येक घराच्या बाथरूमबाहेर एक जोड. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वॉशिंग मशिनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, म्हणून स्लिपर घालायची. गिझर चालू असेल तर नळाला हात लावायचा नाही. फ्रीज उघडताना पायपुसण्यावर उभं राहायचं. आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारणीने हे सगळं मला अगदी सहज सांगितलं होतं, पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं.

त्या झिणझिण्यांपायीच शिरसाट पहिल्यांदा आमच्याकडे आले. मी अंबरनाथच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथल्या एका सरांनी त्यांचं नाव सुचवलं. माणूस तिरसट आहे, पण काम चोख, असं म्हणाले. राहायला उल्हासनगरला. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला सगळी नोकरी झाली, आता रिटायर होऊन घरगुती वायरिंगची कामं करतात, परवाना आहे.

साठी ओलांडलेले, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. दारात चपला काढून आत आले, बाथरूमपाशी थांबले, स्लिपरकडे बघितलं आणि "शी" म्हणाले. बायका झुरळ बघून म्हणतात तसं. मला वाटलं, फरशी घाण आहे. ओशाळून मी फडकं उचललं.

"राहू द्या ताई," ते म्हणाले. "फरशी साफ आहे. घाण भिंतीत आहे."

पिशवीतून त्यांनी होल्डरमध्ये बसवलेला एक साधा पिवळा बल्ब काढला. त्याला दोन लांब वायरी होत्या. एक वायर प्लगच्या एका भोकात, दुसरी शेजारच्या भोकात. बल्ब पेटला. मग दुसरी वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब पेटला नाही. त्यांनी मला विचारलं, हे तिसरं भोक कशासाठी असतं? मी म्हटलं, प्लग घट्ट बसावा म्हणून. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मग समजावून सांगितलं. त्यांचं ते बोलणं मला अजून पाठ आहे, कारण नंतर कितीतरी घरांमध्ये मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं. मशिनच्या आतली वायर कधी ना कधी झिजते आणि मशिनच्या पत्र्याला टेकते. त्या पत्र्यापासून एक हिरवी वायर निघते. ती या तिसऱ्या भोकातून भिंतीत जाते, भिंतीतून खाली मीटरपाशी आणि तिथून जमिनीत पुरलेल्या पाइपापर्यंत. पत्र्यात करंट उतरला की तो या हिरव्या वायरीतून धो धो जमिनीत जातो. इतका जातो, की फ्यूज उडतो आणि मशिन बंद पडतं. म्हणजे घरातल्या माणसाला कळतं की काहीतरी बिघडलंय. हिरवी वायरच नसेल तर काही उडत नाही, काही बंद पडत नाही. पत्रा करंट धरून गप्प उभा राहतो. "आणि मग तुम्ही हात लावता," ते म्हणाले. "हिरव्या वायरीचं काम तुम्हाला करावं लागतं."

त्यांनी बोर्ड उघडला. आत हिरवी वायर होती. नीट वेटोळं करून, टोकाला टेप गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली. कशालाच जोडलेली नव्हती. शिरसाट तिच्याकडे एखादी मेलेली पाल बघावी तसे बघत राहिले. "वायर विकत आणली. पाइपातून ओढली. इथपर्यंत आणली. आणि एक स्क्रू पिळायचा कंटाळा." बोर्ड बंद करून त्यांनी साबण मागितला आणि कोपरापर्यंत हात धुतले. हे त्यांचं नेहमीचं होतं. असा बोर्ड उघडला की हात धुतल्याशिवाय ते चहाच्या कपाला शिवत नसत.

त्यांची ती किळस सोंग नव्हती. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, कुठेही गेले की आधी भिंतीकडे बघायचे आणि त्यांचं जेवणावरून मन उडायचं. त्यांची बायको मला एकदा म्हणाली की यांना बरोबर घेऊन कोणाकडे जायची सोय नाही, यजमानाच्या गिझरवरून भांडण होतं.

एकदा ते मला मुद्दाम उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेले. मला एक एक्स्टेन्शन बोर्ड हवा होता, आणि स्वतः बघून घ्या म्हणाले. दुकानदार सिंधी, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. त्याने कौतुकाने एक चकचकीत बोर्ड पुढे केला, तीन भोकांची चार सॉकेटं. शिरसाटांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून काउंटरवरच तो उघडला. आत फक्त दोन वायरी. तिसऱ्या भोकामागे पितळेची पट्टीसुद्धा नव्हती, नुसतं प्लॅस्टिक. त्यांनी विचारलं, मग हे भोक कशाला पाडलंय? दुकानदाराने काही लपवलं नाही. "शोभा के लिए, दादा. दो होल का कस्टमर लेता नहीं." मग दुकानदाराने आतून, खोक्यांच्या मागून, एक साधा काळा बोर्ड काढून दिला. तो खरा होता. शिरसाट रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "बघा, त्याला माहीत आहे. खरा माल मागे ठेवतो. न कळणाऱ्याची मला दया येते ताई. कळून करणाऱ्याची शिसारी येते."

आमच्या घराचं काम मात्र एकट्या आमच्या घरापुरतं होणार नव्हतं. खाली मीटरच्या खोलीत चोवीस घरांच्या हिरव्या वायरी एकत्र येऊन लोंबत होत्या, आणि त्या पुढे कुठेच जात नव्हत्या. मागच्या भिंतीलगत सिमेंटचा एक चौकोन होता, वर 'अर्थ पिट' असं लाल रंगात लिहिलेलं. वायर त्याच्यापर्यंतही पोचत नव्हती. मी त्या वर्षी सोसायटीची सेक्रेटरी होते. मी मीटिंग बोलावली आणि शिरसाटांना बोलायला बसवलं.

चेअरमन म्हात्रे. बिल्डिंग त्यांच्याच वडिलोपार्जित जमिनीवर उभी आहे आणि बांधली त्यांच्या मेहुण्याने. माणूस वाईट नाही. कोणाकडे मयत झालं तर पहिला धावतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बारा वर्सं झाली बिल्डिंगला. कोन मेला का?"

"नाही मेला, म्हणून मी आलोय," शिरसाट म्हणाले. "मेल्यावर पोलीस येतात."

लोक हसले. तेव्हा गेटवरच्या कमानीचा विषय चालू होता, ती कोणत्या रंगाची हवी यावर त्यांना बोलायचं होतं. शेवटी म्हात्रेंनी हात वर करून सांगितलं की मेहुण्याचा माणूस येईल आणि करून देईल, उगाच बाहेरचा कशाला.

दोनच दिवसांत तो माणूस काम करून गेला. संध्याकाळी बायका पिवळा बल्ब घेऊन घरोघर फिरल्या. शिरसाटांचं बघून आमच्यातल्या एकीने तसा बल्ब करून घेतला होता. चोवीस घरांत, तिसऱ्या भोकात वायर घातली की बल्ब लख्ख पेटत होता. टाळ्या वाजल्या. म्हात्रेंनी कागद तयार ठेवला होता, काम समाधानकारक झालं असा. परवानाधारक म्हणून शिरसाटांनी सही करावी असं ठरलं आणि मी त्यांना बोलावून घेतलं.

त्यांनी आमच्याच घरचा बोर्ड उघडला. हिरवी वायर तशीच वेटोळी होऊन पडली होती. तिसऱ्या भोकाला मागून बोटभर लांबीचा वायरीचा तुकडा जोडला होता आणि त्याचं दुसरं टोक न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या शेजारच्या भोकाच्या वायरीला. म्हणजे बल्ब पेटत होता तो जमिनीमुळे नाही, शेजारच्या भोकामुळे. शिरसाटांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, आधी नुसतं औषध नव्हतं. आता औषधाच्या बाटलीत विष भरून ठेवलंय. वर कुठेतरी न्यूट्रल सुटला, तर घरातले दिवे बंद होतील आणि त्याच तुकड्यातून करंट उलटा फिरून फ्रीजवर, मशिनवर, सगळ्या पत्र्यांवर येईल. लाईट गेली असं समजून माणूस बेफिकीर होणार. त्याच वेळी सगळं घर जिवंत असणार.

त्यांनी सही केली नाही. म्हात्रेंनी ताणलंही नाही. म्हणाले, सेक्रेटरीची सही पण चालते.

मी सही केली. शिरसाट समोर उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता केली. आजही कोणी विचारलं तर माझ्याकडे चांगलंसं कारण नाही. रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसांशी वाकडं घ्यायचं जिवावर आलं होतं, आणि खरं म्हणजे तो बल्ब पेटलेला मलाही हवा होता. शिरसाटांनी त्या दिवशी आमच्याकडे हातही धुतले नाहीत, तसेच निघून गेले. जाण्यापूर्वी आमच्या घरातला तो तुकडा मात्र त्यांनी कापून टाकला होता. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, तिसऱ्या भोकात वायर घालून बल्ब पेटला नाही तेव्हा.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, वरच्या मजल्यावरच्या कविताच्या घरातली लाईट गेली. कविता पोळीभाजीचे डबे करायची. पहाटे उठून तीस-चाळीस पोळ्या लाटायच्या, हात एवढा चालायचा की बघत राहावं. तेव्हा ती ओटा आवरून, फरशी पुसून उभी होती. फक्त तिच्याच घरातली लाईट गेली होती, पण हे तिला कसं कळणार? पंखा थांबला. लाईट नाही, तर दही आंबायच्या आत त्याची कढी करावी म्हणून ते काढायला ती अनवाणीच फ्रीजपाशी गेली. फ्रीज जुना, पत्र्याच्या दांड्याचा. तिने दांडा धरला आणि तो तिला सोडता येईना.

सासूच्या ओरडण्याने जिना दणाणला. म्हातारीने प्लॅस्टिकची खुर्ची उचलून त्या खुर्चीने तिचा हात दांड्यावरून ढकलला, म्हणून कविता वाचली. मी वर पोचले तेव्हा ती फरशीवर पडली होती, डोळे उघडे, तळवा भाजलेला, आणि खोलीत जळालेल्या कातड्याचा वास. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. मी शिरसाटांना फोन करून कविताला फ्रीजचा शॉक लागल्याचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "लाईट गेली होती का आधी?"

कविता जगली. उजव्या हाताची मधली बोटं वळत नाहीत. लाटणं धरता येत नाही.

मला सगळ्यात किळस आली ती त्यानंतरच्या मीटिंगची. अपघाताचा कागद करायचा होता. एकाने सुचवलं की ओल्या हाताने फ्रीज उघडला असं लिहावं. दुसरा म्हणाला, अनवाणी होती हेही लिहा. तिसरीने सांगितलं की स्लिपर घालायची हे आपण सगळे कधीपासून सांगतोय, ऐकत नाहीत लोक. म्हात्रे मान डोलावत होते. कविताचा नवरा कोपऱ्यात बसला होता आणि त्याला वाटायला लागलं होतं की चूक आपल्याच बायकोची आहे. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शिरसाट दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले की लिहायचं ते नंतर लिहा, आधी मागचा तो सिमेंटचा चौकोन फोडू. कोणी उठलं नाही. मग कविताचा नवरा उठला. मी उठले.

पहार लागली तसं वरचं सिमेंट फुटलं. खाली एक पाइपाचा तुकडा होता, दोन वीत लांबीचा, सिमेंटमध्ये नुसता रोवलेला. त्याच्याखाली भराव. विटांचे तुकडे, गुटख्याची पाकिटं, एक फाटकी गोणी. सात-आठ फूट खोल जायला हवा असा पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी घालायला नरसाळं, यातलं काहीही नव्हतं. बारा वर्षं आम्ही त्या लाल अक्षरांसमोर गाड्या लावत होतो. म्हात्रे येऊन बघून गेले. गोणीकडे बघत राहिले. म्हणाले, मेहुण्यानं मला पण फसवला. शिरसाटांनी पाकिटं एकेक करून बोटांच्या टोकाने बाहेर काढली.

त्या दिवशी काम थांबल्यावर आम्ही दोघं पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसलो होतो. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही. स्वतःच सांगायला लागले.

कारखान्यात त्यांच्या हाताखाली एक माणूस होता, त्यांच्याच वयाचा, जेवायला रोज बरोबर बसणारा. ग्राइंडिंग मशिनचा तीन पिनांचा प्लग तुटला म्हणून कोणीतरी दोन पिनांचा लावला होता. शिरसाटांना ते माहीत होतं. नवीन प्लग मागवला होता, तो आला नव्हता. मशिन चालू ठेवा, असं वरून सांगितलं होतं. तो माणूस मशिन हातात धरूनच गेला. साहेबांनी रिपोर्ट लिहिला की कामगाराने हातमोजे घातले नव्हते, निष्काळजीपणा. मेन्टेनन्सची सही हवी होती. "मुली लहान होत्या माझ्या," ते म्हणाले. "सही केली. हातमोजे खरंच नव्हते त्याने घातले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तेच तर." ते आपल्या तळव्यांकडे बघत होते. "त्याच्या बायकोला काही मिळालं नाही. तिला भेटायला गेलो, तर तिने मलाच पाणी दिलं."

मग ते म्हणाले, "माफी मला नका मागू. वर तिसऱ्या मजल्यावर जा."

मी गेले. कविताला सांगितलं की त्या कागदावर माझी सही आहे. ती डाव्या हाताने कोथिंबीर निवडत होती. तिने ऐकलं आणि निवडत राहिली. पुढे तिने माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण घरात बोलावणं सोडलं. ते बरोबरच आहे. सोसायटीच्या वहीत मात्र ओल्या हाताचं ते वाक्य गेलं नाही. कामात दोष होता आणि तो माहीत असून सही झाली, असं मी लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. पुढच्या वर्षी मला सेक्रेटरी केलं नाही.

शिरसाटांनी आमचं काम पूर्ण केलं. आठ दिवस लागले. खोल खड्डा, लांब पाइप, कोळसा, मीठ. प्रत्येक बोर्डातून तो तुकडा कापला, हिरवी वायर सोडवली आणि स्क्रूखाली घट्ट पिळली. खाली मीटरपाशी आणखी एक स्विच बसवला, करंट इकडेतिकडे गळला की क्षणात पडणारा. शेवटी मापाचं यंत्र जमिनीला लावून आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि मगच सही केली. सगळ्यांनी त्यांचे आभार मानले. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, हे बारा वर्षांपूर्वीचं काम आहे, यात कौतुक कसलं. म्हात्रेंच्या घरून आलेला चहा तसाच गार झाला.

नंतर ते आमच्याकडे फारसे आले नाहीत. गुडघे दुखायला लागले होते, जिने चढवत नव्हते. फोनवर बोलणं व्हायचं. वांगणीला नव्या स्वस्त घरांच्या बिल्डिंगी होताहेत, तिथे एकाने तपासायला बोलावलं होतं, एवढं सांगून त्यांनी माझ्या शाळेचं विचारलं.

शेवटचे ते मला दिसले गेल्या उन्हाळ्यात, अंबरनाथ स्टेशनच्या बाहेर, भर दुपारी. मी शेअर रिक्षात बसले होते आणि रिक्षा गर्दीत अडकली होती. रस्त्याच्या कडेला कोणीतरी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ बसवलेला स्टीलचा मोठा वॉटर कूलर आहे. वर वडिलांचा फोटो आहे, हार आहे. त्याच्यासमोर लोकांची रांग होती आणि रांगेच्या तोंडाशी आरडाओरडा चालला होता. शिरसाट कूलरला पाठ लावून उभे होते. त्यांनी कूलरचा दोन पिनांचा प्लग भिंतीतून उपसून काढला होता आणि काखेत दाबून धरला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. कोणी त्यांना वेडा म्हणत होतं, कोणी "ए बुढ्ढे, हट ना" म्हणत होतं. एक जण मोबाइलवर त्यांचं शूटिंग करत होता.

मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं. मागून हॉर्न वाजले, शेजारच्या बाईने "मॅडम, आगे उतरो ना" म्हटलं, आणि रिक्षा सुटली. मी बाहेर वाकून त्यांना हाक मारली. ती त्यांना ऐकू गेली नाही.

रांगेत पुढे एक म्हातारी होती, डोक्यावर पदर, ओंजळ पुढे केलेली. शिरसाट आपल्या पिशवीतली बाटली काढून तिच्या ओंजळीत पाणी ओतत होते. मागून एकाने वायर पकडून ओढायला सुरुवात केली होती. ते वळले नाहीत. काख घट्ट दाबून, तिची ओंजळ भरेपर्यंत ते ओतत राहिले.